सुळा पिंजऱ्यात तुटतो
रानाचे देणे : भाग ९

मागच्या भागात विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाहेर कसे काढतात ते आपण पाहिले. आज पाहू पकडलेल्या बिबट्याचे तोंड. विषय वरवर बारीक वाटेल, पण या प्राण्याचे सारे पोट चार सुळ्यांवर चालते. भक्ष्याचा गळा धरायचा तो सुळ्यांनीच. ते गेले की शिकार अवघड होते आणि त्यांत पू झाला की खाणेही नकोसे होते.

बीड जिल्ह्यात बिबट्याचे नाव निघाले की आष्टी आठवते. नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस सुर्डी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी या गावांत आठवड्याभरात तीन जीव गेले. ऐन सुगीत लोक रानात जायला धजेनात. अखेर १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ती भीती खरी होती आणि ते दुःख अजून त्या घरांत आहे. तेव्हापासून बिबट्या नुसता दिसला तरी ‘पिंजरा लावा’ ही मागणी सगळ्यात आधी होते. पिंजऱ्यात सापडलेल्या जनावराचे पुढे काय होते, याची मात्र फारशी चर्चा होत नाही.

जखमी हरणे, मोर, साप यांच्यासाठी शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांनी उभे केलेले ‘सर्पराज्ञी’ केंद्र आहे. बिबट्याला कायमचे सांभाळायचे तर जुन्नरजवळचे माणिकडोह किंवा नागपूरचे गोरेवाडा अशा मोठ्या केंद्राची वाट धरावी लागते. अशा केंद्रांत येणाऱ्या बिबट्यांच्या तोंडात एक जखम वारंवार दिसते, ती म्हणजे तुटलेला सुळा. रानातला सुळा झुंजीत किंवा शिकारीतही तुटतो. पण पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या सुटण्यासाठी गज चावतो, त्यांवर डोके आपटतो. लोखंडापुढे दात टिकत नाही.

मोठ्या मार्जारांना ३० दात असतात. बिबट्याचा सुळा हिरडीबाहेर साधारण चार सेंटिमीटर दिसतो, आणि त्याहून मोठा भाग जबड्याच्या हाडात रुतलेला असतो. सुळा तुटला की आतली नस उघडी पडते. तिथून जंतू मुळाच्या टोकापर्यंत उतरतात, हाडात गळू होते. बिबट्या कण्हत नाही, दुखणे लपवतो. म्हणून त्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाची नजर मोलाची. मांस एकाच बाजूने चावणे, तोंडातला तुकडा खाली पडणे, लाळ गळणे, डोळ्याखाली सूज येणे, ही लक्षणे पहिल्यांदा त्यालाच दिसतात.

दाताचे दुखणे माणसाच्या जिवाशी येऊन ठेपते, याचे दाखले इतिहासात आहेत. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी मांडले जातात. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. केनियातल्या त्सावोमध्ये १८९८ मध्ये मारलेल्या दोन नरभक्षक सिंहांपैकी एकाच्या खालच्या सुळ्याच्या मुळाशी गळू झाले होते. ती कवटी आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये आहे. प्रत्येक नरभक्षकाचे दात दुखत असतात, असा याचा अर्थ नाही. पण तोंडाने अधू झालेल्या जनावराला सोपे भक्ष्य शोधावे लागते, एवढे खरे.

उपचार काय? सुळा उपटला तर जबडा कमकुवत होतो, म्हणून शक्य तिथे रूट कॅनॉल करतात. जनावराला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायचे, फुंकनळीने गुंगीचे इंजेक्शन मारायचे, डोळ्यांत मलम घालून वर पट्टी बांधायची, श्वासनलिकेत नळी घालायची. मग एक्स-रे. सुळा वाकडा असतो, त्यामुळे मुळाच्या टोकापर्यंत सरळ पोहोचायला हिरडीजवळ पुढच्या बाजूने एक बारीक भोक पाडावे लागते. माणसाच्या दातात वापरतात ती फाईल २५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती इथे अर्ध्या वाटेतच संपते, म्हणून बऱ्याच लांब फायली लागतात. दातातली नळी साफ करून, धुऊन, कोरडी करून भरायची आणि भोक बंद करायचे. हे सगळे होईतो एक जण फक्त श्वास, नाडी आणि अंगाचे तापमान बघत बसतो.

हे कौशल्य असलेले पशुवैद्य आपल्याकडे मोजकेच, म्हणून स्वयंसेवेला इथे मोठी जागा आहे. अमेरिकेत पीटर एमिली या माणसांच्या दंतवैद्याच्या नावाने चालणारी संस्था प्राणी आश्रयस्थानांत जाऊन वाघ-सिंहांचे दात विनामूल्य दुरुस्त करते. आग्र्याच्या केंद्रात, नाचवण्यासाठी ज्यांचे दात पाडले गेले त्या अस्वलांवर परदेशातून आलेल्या दंतवैद्यांनी उपचार केले.

दातांचे नसले, तरी नागपूरचे एक उदाहरण शिकण्यासारखे आहे. शिकाऱ्यांच्या सापळ्यात पंजा गमावलेल्या ‘साहेबराव’ वाघासाठी अस्थिशल्यविशारद डॉ. सुश्रुत बाभुळकर यांनी पुढाकार घेतला. जानेवारी २०२० मध्ये गोरेवाड्यात त्याला कृत्रिम पाय बसवला. शुद्धीवर येताच वाघाने तो काढून टाकला. या प्रयत्नाला अपयश म्हणून बाजूला सारू नये. त्यातून कळते ते असे, की रुग्णाला समजावता येत नसेल तर उपचार असा हवा की नंतर त्याच्या सहकार्याची गरजच पडू नये. दाताचेही तेच. एकाच भुलीत काम पुरे व्हावे आणि भरलेला दात पुन्हा बघावा लागू नये. वर कॅप बसवणेही शक्यतो टाळतात, कारण ती निघाली तर पुन्हा भूल आली, आणि प्रत्येक भूल जिवावरची जोखीम असते.

इच्छा असली तरी कुणी आपण होऊन बिबट्याच्या तोंडात हात घालू शकत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या अनुसूची १ मध्ये बिबट्या आहे. त्याला पकडण्यापासून सारे काही वनविभागाच्या परवानगीनेच होते. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या दंतवैद्यांनी आणि पशुवैद्यांनी आधी वनविभागाशी आणि केंद्रांशी बोलावे. एक्स-रे वाचणे, नळी भरणे हे दंतवैद्याचे रोजचे काम, तर भूल हे पशुवैद्याचे. दोघे एकत्र आले तरच काम होते.

पण सगळ्यात मोठी स्वयंसेवा गावाच्या हातात आहे आणि तिला पदवी लागत नाही. पिंजऱ्यात बिबट्या सापडला की शे-दोनशे माणसे जमतात, मोबाईल पुढे येतात, कुणी काठी घालून डिवचतो. जनावर गजांवर धडका देते ते अशाच वेळी. म्हणून पिंजरा लगेच ताडपत्रीने झाकावा, गर्दी लांब न्यावी, आवाज बंद करावा. अंधारात बिबट्या शांत बसतो. वनविभागानेही गजांमधले अंतर कमी ठेवावे आणि आतल्या बाजूला धारदार कडा राहू देऊ नयेत.

एक सुळा तुटला म्हणून बिबट्या रानात जगूच शकत नाही असे नाही. पण दोन-तीन तुटले, जबड्यात पू झाला, तर त्याची उरलेली सारी वर्षे बंदिवासात जाऊ शकतात. त्याचा खर्च सरकारचा आणि यातना त्याच्या. रूट कॅनॉलला तज्ज्ञ लागतो, यंत्रे लागतात, परवानगी लागते. दात तुटू न देण्यासाठी ताडपत्री पुरते, आणि मागे सरकायला तयार असलेले गाव.

(पुढील भागात : पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडल्यावर जुन्नर परिसरात काय घडले?)