टॅब दाबला की आपोआप येणारा मास्क

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत नेटवर्क टाकणारा तंत्रज्ञ केबलला हात लावण्याआधी कागदावर बेरीज करत होता. साठ संगणक, एक प्रिंटर, एक राउटर. त्याखाली त्याने ‘/२६’ लिहिलं आणि लगेच खोडलं.

आयपी पत्ता ३२ बिटांचा. त्यातले २६ नेटवर्कला दिले की यंत्रांसाठी उरतात सहा, म्हणजे ६४ पत्ते. पहिला खुद्द नेटवर्कचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा. उरले ६२, अगदी काठोकाठ. “उद्या सरांनी वायफायचा डबा आणला तर त्याला काय देऊ?” म्हणत त्याने ‘/२५’ लिहिलं. आता १२६ जागा. निम्म्या रिकाम्या राहतील, पण रात्री फोन येणार नाही.

ही मुभा मुळात नव्हती. १९८१च्या नियमांत आकार तीनच आणि तो पत्त्याच्या सुरुवातीच्या बिटांवरूनच ठरायचा. पहिला आकडा १९२ ते २२३ असेल तर सी क्लास, २५४ यंत्रं. १२८ ते १९१ असेल तर बी, थेट ६५,५३४. ए क्लासमध्ये तर एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त! तीनशे यंत्रांच्या संस्थेला सी अपुरा, म्हणून ती बी मागायची आणि पासष्ट हजार पत्ते अडवून बसायची. अमेरिकेतल्या एमआयटीकडे १८ने सुरू होणारा अख्खा ए क्लास होता. ही उधळपट्टी परवडेना, तेव्हा १९९३मध्ये वर्ग मोडीत निघाले आणि नेटवर्क आणि यंत्र यांच्यातली रेघ कुठल्याही बिटावर ओढता येऊ लागली.

कागदोपत्री मोडीत, एवढंच. तंत्रज्ञाने विंडोजच्या खिडकीत १९२.१६८.१०.५ टाइप करून टॅब दाबला, तर मास्कच्या, म्हणजे ती रेघ कुठे ते सांगणाऱ्या, रकान्यात २५५.२५५.२५५.० आपोआप उमटलं. १०ने सुरू होणारा पत्ता घातला असता तर २५५.०.०.० आलं असतं. तोच जुना हिशेब. तो ‘/२५’साठी प्रत्येक यंत्रावर शेवटचं शून्य खोडून १२८ लिहीत गेला.

एखाद्या यंत्रावर ते शून्य राहिलं तर? इंटरनेट झकास चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त ‘/२५’मुळे वेगळ्या पडलेल्या, कार्यालयाकडच्या दुसऱ्या अर्ध्या तुकड्यातला सर्व्हर काही केल्या सापडत नाही. तो राउटरपलीकडे असतो. पण हे यंत्र त्याला शेजारी समजून आपल्याच तुकड्यात हाका मारत राहतं. आणि लोक केबल बदलत बसतात.