बेंबी सरकत नाही, मग हाताखाली धडधडतं ते काय?

पोट दुखतंय, जुलाब होताहेत म्हटलं की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत काय किंवा पैठण-गंगापूरकडच्या खेड्यांत काय, पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘जड काही उचललं होतं का? बेंबी सरकली असेल.’ पाठोपाठ बेंबी बसवणाऱ्या मावशींचं घर कुठल्या गल्लीत आहे तेही सांगितलं जातं. हाच विचार आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून वेगळ्या नावाने येतो आहे. तिथे त्याला ‘व्हिसरल मॅनिप्युलेशन’ म्हणतात. फ्रान्समधले ऑस्टिओपॅथ झाँ-पिएर बाराल यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. यकृत, जठर, मूत्रपिंड यांची अडलेली हालचाल पोटावर हलका हात ठेवून मोकळी करता येते, असं ती सांगते. मावशी आणि बाराल यांच्यात सात समुद्रांचं अंतर आहे, पण दोघांचा आधार एकच : आतला अवयव जागचा हलतो किंवा अडकतो आणि जाणकार हात त्याला ताळ्यावर आणतो. यातलं खरं किती, हे नीट पाहायला हवं, कारण या समजापायी काही वेळा माणसाचा जीव धोक्यात येतो.

गैरसमज : जड उचललं की बेंबी सरकते.

जन्मानंतर नाळ सुकून पडते तिथे जो व्रण उरतो ती बेंबी. पोटाच्या मध्यरेषेवर उभा चिवट पडदा असतो, त्यात ती पक्की रुतलेली असते. मोठ्या माणसाच्या बेंबीला आतून कुठलंही आतडं टांगलेलं नसतं. त्यामुळे तिने सरकावं आणि जुलाब लागावेत, असा काही संबंधच उरत नाही.

पण बेंबी पाहणारा माणूस अंगठा दाबून धडधड शोधतो आणि ती त्याला खरोखर लागते. रोग्यालाही ती जाणवते, म्हणून विश्वास बसतो. ती धडधड महाधमनीची असते. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी मणक्यांच्या पुढून खाली येते आणि साधारण बेंबीच्या पातळीला, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी, दोन्ही पायांसाठी दुभंगते. बारीक माणसाला उताणं झोपवून गुडघे वर घ्यायला लावले की ती सहज हाताला लागते. मुळात ती मध्यरेषेच्या किंचित डावीकडे असते, म्हणून ‘डावीकडे सरकली’ हे निदान इतक्या वेळा होतं. पोट ताठ असेल, गॅस असेल, तर ठोका एकदा वर, एकदा बाजूला भासतो. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं की नाडी जोरात चालते आणि हा ठोकाही. म्हणजे धडधड खरी असते, चुकतो तो तिचा अर्थ. एक सावधगिरी मात्र हवीच. साठीच्या पुढचा, त्यातही विडी-सिगारेट ओढणारा माणूस असेल आणि बेंबीजवळ रुंद, फुगून धडधडणारी गाठ लागत असेल, तर तिथे अजिबात दाबू नये. महाधमनी फुगलेली असू शकते. साध्या सोनोग्राफीत ते कळतं.

दोन्ही पायांचे अंगठे जुळवून लांबी पाहतात, तेव्हा दिसणारा फरक बहुधा कंबर वाकडी ठेवून झोपल्याचा असतो. पाय ओढले की कंबर सरळ होते आणि अंगठे जुळतात. बेंबीवर पणती ठेवून वर तांब्या उपडा घालतात, तेव्हा आतली हवा तापते, ज्योत विझून ती थंड झाली की तांब्याला ओढ येते आणि कातडी व चरबी वर खेचली जाते. आतड्यांपर्यंत ही ओढ जाऊन ती जागेवर बसत नाहीत. भाजण्याची भीती मात्र खरी.

मग बरं का वाटतं? कारण साधे जुलाब आणि मुरडा बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात, आणि माणूस मावशींकडे जातो तो दुसऱ्या दिवशी. शिवाय कोणी आपलेपणाने पोटावरून हात फिरवला की आवळलेले स्नायू सैल पडतात. हा आराम मी खोटा मानत नाही. फक्त त्याचं श्रेय बेंबीला देता येत नाही. तेवढ्या वेळात मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस पाजणं जास्त मोलाचं, विशेषतः लहान मुलाला.

बाळाच्या बेंबीवर नाणं बांधण्याची रीतही सोडून द्यावी. फुगलेली बेंबी म्हणजे हर्निया असतो आणि बहुतेक मुलांमध्ये तो चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप भरून येतो. नाण्याने तो लवकर भरत नाही, कातडी मात्र चिघळते.

गैरसमज : अवयव आपापल्या जागी खिळलेले असतात.

हा उलट बाजूचा गैरसमज आणि शिकलेल्यांत तो जास्त आढळतो. प्रत्यक्षात पोटात सतत हालचाल चालू असते. शांत श्वासात श्वासपटल एक-दोन सेंटिमीटर खाली-वर होतं, खोल श्वासात त्याहून कितीतरी जास्त. त्याच्याबरोबर यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं सरकतात. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब, पण ते ज्या पडद्याला लटकतं त्याचं मूळ पाठीच्या भिंतीवर जेमतेम १५ सेंटिमीटर असतं. जठर मिनिटाला साधारण तीनदा आकुंचन पावतं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बारा वेळा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतले पडदे एकमेकांना चिकटतात, ही गोष्टही खरी आहे. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, काहींचं आतडं मात्र त्यात अडकतं.

बाराल यांची मांडणी इथूनच सुरू होते आणि इथवर ती बरोबर आहे. पुढे ते म्हणतात की प्रत्येक अवयवाला स्वतःची एक सूक्ष्म लय असते आणि ती हाताला कळते. अडचण इथे आहे. २०१८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी या पद्धतीवरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. हाताने केलेलं निदान भरवशाचं आहे आणि उपचाराने ठरलेला फायदा होतो, या दोन्हींसाठी पक्का पुरावा त्यांना मिळाला नाही. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीच्या ६४ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या फिजिओथेरपीला या उपचाराची जोड देऊनही सहा आठवड्यांनी दुखण्यात फरक नव्हता, वर्षभराने मात्र थोडा दिसला. उंदरांमध्ये शस्त्रक्रियेनंतर लगेच पोट हलकेच चोळल्याने चिकटणं कमी झाल्याचं २०१२ च्या एका प्रयोगात आढळलं. धागा पुढे तपासण्याजोगा आहे, पण उंदराच्या पोटावरून माणसाला वचन देता येत नाही.

अवयव ‘खाली उतरल्याची’ भीती युरोपने एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्लेनार यांनी पोटातले अवयव ओघळण्याचा आजार सांगितला, त्याच सुमारास सरकणारं मूत्रपिंड टाके घालून जागेवर बांधण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि पुढची कित्येक वर्षं असंख्य लोकांचं, विशेषतः बारीक अंगाच्या स्त्रियांचं, पोट उघडलं गेलं. दुखणं अनेकींचं तसंच राहिलं. उभं राहिल्यावर मूत्रपिंड थोडं खाली येणं ही निरोगी माणसाचीही सवय असते, हे कळल्यावर ती लाट ओसरली. ठिकाण बदललं म्हणजे रोग झाला, या एका तर्कापायी सुऱ्या चालल्या होत्या. आजही ऊसतोड करणाऱ्या मराठवाड्यातल्या बायकांना ‘अंग बाहेर येतं’ म्हटल्यावर कुणी पोट चोळायला सांगतं, तर कुणी थेट गर्भपिशवी काढायला. ओटीतळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि आत बसवायची रिंग हे दोन उपाय आधी सांगायला हवेत. गरज पडलीच तर शस्त्रक्रिया.

गैरसमज : बाळंतिणीचं पोट चोळलं नाही तर गर्भाशय जागेवर येत नाही.

येतं, आपलं आपण. बाळंतपणानंतर लगेच ते बेंबीच्या पातळीला हाताला लागतं, रोज साधारण बोटभर उतरतं, दोन आठवड्यांत ओटीपोटात जातं आणि सहा आठवड्यांत जवळपास मूळच्या आकाराला येतं. बाळाला पाजलं की शरीरात ऑक्सिटोसिन स्रवतं, त्याने ही आकुंचनं वाढतात. कापड बांधल्याने कंबरेला आधार वाटतो, तो वाटू द्यावा. सिझेरियनच्या टाक्यांवर चोळणं मात्र नको.

याच अवयवावर हाताचा खरा उपयोगही होतो. बाळंतपणानंतर गर्भाशय ढिलं पडून रक्तस्राव होऊ लागला, तर परिचारिका पोटावरून ते चोळून आकुंचन पावायला लावते, सोबत इंजेक्शन देते. आडवं किंवा पायाळू बाळ ३७ व्या आठवड्याच्या सुमारास बाहेरून हाताने फिरवता येतं. पण ते सोनोग्राफी करून, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच. घरी चोळून बाळ फिरवणं धोक्याचं, आणि कळा चालू असताना बाळ लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शनात नाकारलं आहे.

बद्धकोष्ठात उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली असा हलका हात फिरवायला हरकत नाही. मोठ्या आतड्याची वाट तशीच जाते. कोणी व्हिसरल थेरपी घ्यायचं ठरवलंच, तर आधी दुखण्याचं निदान करून घ्यावं आणि उपचार करणाऱ्याची फिजिओथेरपीची पदवी व नोंदणी विचारावी. कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा आजार बरा करतो म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

कुठल्याच हाताने पोट दाबू नये अशी लक्षणं मी इथे मुद्दाम लिहितो आहे. बेंबीपाशी सुरू होऊन खाली उजवीकडे सरकणारं दुखणं : अपेंडिक्स असतं, चोळल्याने फुटू शकतं. ताठ झालेलं पोट. हिरवी उलटी. शी आणि वारा दोन्ही बंद. आत न जाणारी, दुखरी, कडक झालेली हर्नियाची गाठ. तान्हं मूल थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं आणि लालसर शेंबडासारखी शी करतं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. हा आतडं खरोखर सरकण्याचा आजार, आणि मूल वेळेत दवाखान्यात आणल्यास तो अनेकदा शस्त्रक्रियेविना सुटतो. किशोरवयीन मुलगा लाजून फक्त ‘पोट दुखतंय’ म्हणतो, तेव्हा अंडकोशाला पीळ पडला नाही ना हे पाहावं. त्यात हाताशी सहाएक तासच असतात.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. शहरात १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, अपघात विभागात रात्रीही रुग्ण घेते. आणि बेंबी बसवणाऱ्या मावशींना हिणवून काही साधणार नाही. पोटदुखीचा माणूस डॉक्टरांच्या आधी त्यांच्याच उंबऱ्यावर पोचतो. गावातल्या आशाताईंनी वरची लक्षणं त्यांना समजावून सांगितली, तर कुणाला हात लावायचा नाही आणि कुणाला तडक दवाखान्यात धाडायचं, हे त्याच सर्वांत आधी ओळखू शकतील.