मीठ धुणाऱ्या घरातली लेक

भंडारा रोड, तिरोडा, गोंदिया अशी स्टेशनं घेत रेल्वे नागपूरहून राजनांदगावला जाते. १८९३ मध्ये याच प्रवासात कवी नारायण वामन टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. कवितेवरून निघालेल्या गप्पा धर्मावर आल्या. निरोप घेताना त्याने बायबलचा नवा करार टिळकांच्या हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत असून दुरावला, नातेवाइकांत बोलायची सोय उरली नाही, ताटातूट कित्येक वर्षं चालली. आणि नवल असं की, मराठीतलं सर्वांत खळाळून हसवणारं आत्मचरित्र याच बाईंनी लिहिलं, ‘स्मृतिचित्रे’! त्यांच्या वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आलेलं धान्यच काय, मीठसुद्धा धुवून घ्यायचं. धुतलेल्या मिठाचं काय होत असेल, ते घरातल्या बायकांना विचारा. लक्ष्मीबाई हे सांगतात तेव्हा आपण पोट धरून हसतो, पण वडिलांचा राग येत नाही. १८५७ च्या धामधुमीने हादरलेला माणूस त्या सोवळ्याआड उभा आहे, हे त्या दिसू देतात. मला ‘स्मृतिचित्रे’तलं हसू थोर वाटतं ते याचसाठी.

हसणं आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचं नातं मात्र नेहमीच सरळ नव्हतं. येशू रडल्याचं शुभवर्तमानांत आहे, हसल्याचं कुठेच नाही, असं चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तम या धर्मगुरूने बजावलं होतं. उलट जर्मन मुलखात ईस्टरला धर्मगुरू व्यासपीठावरूनच गमतीच्या गोष्टी सांगून लोकांना हसवत. येशू मरणातून उठला, मृत्यू हरला, मग हसायचं नाही तर काय? १५१८ मध्ये बाझेलच्या एकोलांपाडियस या धर्मपंडिताने या प्रथेवर टीकेचं पुस्तकच काढलं. पण बायबल उघडलं तर म्हाताऱ्या सारेला मूल होणार हे ऐकून हसू फुटतं, येशूचा पहिला चमत्कार लग्नघरात घडतो, आणि फिलिप्पैकरांस पत्रात पौल पुन्हा पुन्हा आनंद करा म्हणतो, तेही बंदिवासातून! सुखाच्या दिवसांत कुणीही आनंदी असतं. बेड्यांतला हा आनंद कुठून येतो, याचं आश्चर्य मला अजून ओसरलेलं नाही.

टिळकांनी या आनंदाला मराठी चाल दिली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची अभंग-भजनं टाळमृदंगावर म्हणता येतात, आणि कीर्तनही त्यांनी आपलंच मानलं. लक्ष्मीबाईही पुढे ख्रिस्ती झाल्या. जातीची भीती त्यांनी एका फटक्यात टाकली नाही. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, यावर त्यांच्या मनात खल चाले, आणि तो खलही त्यांनी स्वतःलाही न सोडता, हसत लिहिला. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवटच होतं. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरं केलं.