धनेश खरंच मादीला कोंडतो का?

मुदखेड जंक्शनहून आदिलाबादची गाडी भोकर, किनवटच्या रानाकडे वळते. धनेश बघायचा तर तिकडे जावं, नाहीतर थेट कोकणात, अशी आपल्याकडची समजूत. महाधनेश खरोखरच दाट जंगलातला. राखी धनेशाचं मात्र वड, पिंपळ, उंबर आणि ढोली असलेलं एखादं जुनं झाड एवढ्यावर गावातही भागतं. पक्षी दोन फुटांचा, राखाडी, लांब शेपटीचा. ओरडतो घारीसारखा, त्यामुळे मान वर न करताच लोक घार समजून मोकळे होतात.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे नर मादीला ढोलीत कोंडतो. प्रत्यक्षात एप्रिल-जूनच्या सुमाराला मादी आपणहून आत शिरते आणि स्वतःच्या शिटेनं तोंड लिंपून घेते. नर फार तर चिखलाचे गोळे पुरवतो. एक उभी फट तेवढी उरते. या भिंतीमुळे अंडी-पिल्लं शिकाऱ्यांपासून वाचतात. आत बसल्यावर मादीच्या पंखांची मोठी पिसं झडतात. नर फळं गिळून आणतो आणि फटीशी बसून एकेक वर काढत तिला भरवतो. मधूनमधून किडा किंवा सरडाही. नवी पिसं येईतो पिल्लं वाढलेली असतात आणि भिंत फुटते. कैदच म्हणायची, तर किल्ली कैद्याच्या चोचीत! पण या दिवसांत नर मारला गेला, तर झडल्या पिसांची मादी उडणार कशी? एका गोळीत सगळं घरटं संपू शकतं.

मारतात ते बहुधा तेलासाठी. धनेशाच्या चरबीनं सांधे मोकळे होतात याला वैद्यकीय आधार नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकार गुन्हा आहे. बाटलीत नेमकं काय असतं, ते विकणाराच जाणे.

चोचीवरच्या शिंगामुळे काहीजण त्याला टूकन म्हणतात. टूकन अमेरिकेतला, सुतारपक्ष्याच्या गोतातला. धनेशाचा जवळचा नातलग आपल्या शेतात चोच खुपसत फिरणारा हुदहुद. पिवळ्या कण्हेरीची विषारी फळंही धनेश पचवतो, हे ऐकून मात्र कुणी विश्वास ठेवत नाही.

आणि झाडं लावली की धनेश येतील, हाही भ्रमच. ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. आयती लागते, आणि ती धरायला झाड म्हातारं व्हावं लागतं. रस्त्यासाठी पाडलेल्या एका कडुनिंबापोटी दहा रोपं लावली, तरी येत्या एप्रिलात मादीला शिरायला जागा नसतेच.