लहान छेद, मोठी जबाबदारी

आमच्या देपालपुरात आणि भोवतालच्या खेड्यांत ‘दूरबीनवाला ऑपरेशन’ हे शब्द ठाऊक नाहीत अशी बाई विरळा. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनी ते घरोघर पोहोचविले. सकाळी गेलेली स्त्री संध्याकाळी परत येते आणि पोटावरची जखम नखाएवढी असते. त्यामुळे दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया म्हणजे किरकोळ शस्त्रक्रिया, असा समज रूढ झाला आहे. आता इंदूरच्या रुग्णालयांत गर्भाशयाच्या मोठ्या शस्त्रक्रियाही या रीतीने होतात. तेव्हा हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी पुण्याचे शल्यविशारद डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या कार्याचा आधार घेऊ. कारण या शास्त्राचे यश आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्यांच्या क्षेत्रात एकाच महिन्यात जगापुढे आली.

प्रथम ही क्रिया कशी चालते ते समजून घेऊ. रुग्णाला संपूर्ण भूल देऊन बेंबीपाशी सुमारे एक सेंटिमीटरचा छेद घेतात. त्यातून कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू पोटात सोडतात. पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आतील अवयवांभोवती मोकळी जागा होते. मग त्याच वाटेने दिवा आणि कॅमेरा जोडलेली नळी आत जाते, आणि पोटातील चित्र पडद्यावर मोठे होऊन दिसते. आणखी तीन-चार बारीक छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारे घालून शल्यविशारद पडद्याकडे पाहत काम करतो. त्याचा हात आत जात नाही. स्पर्शाने जे कळते ते त्याला डोळ्यांनी ओळखावे लागते. गर्भाशयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीच्या अगदी खालून मूत्रवाहिनी जाते. रोहिणी बंद करताना ती दुखावली, तर रुग्णाला पुढे फार सोसावे लागते. छेद लहान असला, तरी आतील काम तेवढेच मोठे आणि तेवढेच नाजूक असते.

ही विद्या एका दिवसात आली नाही. 1901 साली जर्मनीत केलिंग यांनी एका कुत्र्याच्या पोटात अशी नळी घालून पाहिली. 1910 साली स्वीडनच्या याकोबेउस यांनी मनुष्यावर केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त दिला. पुढे पॅरिसचे राउल पामर यांनी स्त्रीरोगांच्या निदानासाठी तिचा उपयोग रूढ केला. दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढल्याचा पहिला अहवाल अमेरिकेचे हॅरी राइश यांनी 1989 साली प्रसिद्ध केला. म्हणजे जी गोष्ट आज आपण सहज मानतो, ती एका पिढीहून फार जुनी नाही.

डॉ. पुणतांबेकर हे मूळचे कर्करोगाचे शल्यविशारद. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या देशातील स्त्रियांत फार आढळतो. आरंभीच्या अवस्थेत त्यावर जी शस्त्रक्रिया करतात, तीत गर्भाशयाबरोबर भोवतालचे ऊतक आणि लसीकाग्रंथीही काढाव्या लागतात. ही अवघड क्रिया दुर्बिणीतून ठरावीक पायऱ्यांनी करण्याची पद्धत पुण्यात बसविण्यात आली. 2007 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 248 रुग्णांचा अनुभव एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला आणि ‘पुणे तंत्र’ हे नाव शल्यविशारदांच्या परिभाषेत गेले. आपल्या एका नगराचे नाव शस्त्रक्रियेच्या पद्धतीला मिळावे, ही मराठी माणसाला अभिमानाची गोष्ट होय.

पुढचे पाऊल याहून धाडसाचे होते. मे 2017 मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात त्यांच्या पथकाने आईचे गर्भाशय मुलीच्या शरीरात रोवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. भारतातील हा पहिलाच प्रयत्न. याआधी 2014 साली स्वीडनमध्ये अशा रोपणानंतर जगातील पहिले मूल जन्मले होते. तेथे दात्या स्त्रियांचे पोट उघडून दहा तासांहून अधिक काळ काम करावे लागले होते. पुण्यात दात्या मातेचे गर्भाशय दुर्बिणीच्या साहाय्याने सोडविण्यात आले. दान करणारी स्त्री स्वतः निरोगी असते. तिला शक्य तितकी कमी इजा व्हावी, हा त्यामागील हेतू. 18 ऑक्टोबर 2018 रोजी अशा एका गर्भाशयातून एक मुलगी जन्मली. दिवस पूर्ण भरले नव्हते, वजन 1450 ग्रॅम. परंतु जीव सुखरूप होता. ज्या गर्भाशयात आई वाढली, त्यातच तिची लेकही वाढली!

आता त्याच महिन्याची दुसरी बाजू. 31 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकाने अनेक देशांतील 631 रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाच्या आरंभीच्या कर्करोगात काही स्त्रियांवर पोट उघडून, तर काहींवर लहान छेदांनी शस्त्रक्रिया झाली होती. कोणीवर कोणती, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरविले होते. साडेचार वर्षांनंतर रोग न उलटता जिवंत असण्याचे प्रमाण पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के, तर लहान छेदांच्या गटात 86 टक्के ठरले. जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. या विशिष्ट कर्करोगासाठी पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया हीच पुन्हा प्रमाण मानली जाऊ लागली. असे का घडले याविषयी मतभेद आहेत. गर्भाशय हलविण्यासाठी आत घातलेल्या उपकरणामुळे रोगपेशी पसरत असाव्यात, असे काहींना वाटते.

याचा अर्थ दुर्बीण टाकून द्यावी असा नव्हे. गर्भाशयातील गाठी, अंडाशयावरील साध्या गाठी, नळीत राहिलेला गर्भ, अशा कित्येक विकारांत तिचा लाभ निर्विवाद आहे: वेदना कमी, रक्तस्राव कमी, रुग्णालयातील मुक्काम थोडा. अर्थ इतकाच, की छेद केवढा आहे यावरून शस्त्रक्रियेची किंमत ठरत नाही. त्या स्त्रीच्या पदरात अखेर काय पडले, यावरून ठरते.

आणि याहूनही आधीचा एक प्रश्न आहे: ती शस्त्रक्रिया मुळात हवीच आहे काय? बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4605 स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली, असे 2019 च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. त्यांत ऊस तोडणाऱ्या पुष्कळ होत्या. पाळीचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, हे त्यांचे दुःख. अनावश्यक गर्भाशय काढणे थांबविण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारा, असे 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजवावे लागले. जे गर्भाशय काढायलाच नको होते, ते लहान छेदातून काढले म्हणून अन्याय लहान होत नाही.

म्हणून भगिनींनी आणि त्यांच्या घरच्यांनी डॉक्टरांना चार गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. रोग नेमका कोणता? औषधाने भागेल काय? कर्करोगाची शंका असल्यास तपासणी झाली काय? आणि अंडाशये राहणार की जाणार? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही.

शेवटी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना सांगावीशी वाटते. बाहेरचा व्रण दिसत नाही म्हणून सून चौथ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलू लागली, तर आतील टाक्यांना ते कळत नाही काय? गर्भाशय काढल्यावर कित्येक आठवडे जड ओझे वर्ज्य असते, मग छेद कोणताही असो. शल्यविशारदाने आपले कौशल्य पणाला लावून जखम लहान केली. ती भरून येऊ देणे हे घराचे काम आहे.