पाणी पिणारी बाहुली आणि शिकवणारं मूल

‘बाई, ती पाणी पिऊन शू करणारी बाहुली घेऊ का?’ सावेडीतल्या आमच्या बालवाडीत मुलांना सोडायला येणाऱ्या आया हल्ली मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. दिवाळी जवळ आली, मामाकडून खेळणं यायचं ठरलं, की जास्तच. मोबाइलवर त्यांनी बाहुली पाहिलेली असते. ती बाटलीतून पाणी पिते, गुलाबी पॉटीवर बसते, शू करते, वर गाणंही म्हणते. माझं उत्तर ठरलेलं आहे: बाहुली जरूर घ्या, पण बोलणारी घेऊ नका. बोलायचं काम मुलाचं आहे. बाहुल्यांचा नाद मला फार वर्षांचा, मोडलेल्या बाहुल्या उसवून त्यांच्या पोटात काय आहे ते मी पाहत आले आहे. म्हणून सांगायची सुरुवातही पोटातूनच करणार आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला आपला अहिल्यानगर जिल्हा गावसुधारणेच्या आणि आरोग्याच्या कामासाठी देशभर ओळखला जातो. राळेगणसिद्धी आहे, १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून बदललेलं हिवरे बाजार आहे, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभा केलेला जामखेडचा आरोग्य प्रकल्प आहे. घरोघरी संडास आले. पण दोन वर्षांचं मूल अजूनही अंगणातच बसतं, कारण ‘लहान लेकराच्या शीनं काय होतंय’ हा समज गेलेला नाही. प्रत्यक्षात जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी त्या शीतूनही पसरतात. तेव्हा मुलाला संडासाची सवय लावण्याचा प्रश्न घरापुरता राहत नाही, तो गावाचाही असतो.

पोटातली नळी

शू करणारी बाहुली १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आली. एफनबी या कंपनीची ‘डाय-डी’ ही त्यातली गाजलेली पहिली. तिची कल्पना ब्रुकलिनच्या एका बाईंची होती. डोकं कडक रबराचं, अंग मऊ रबराचं, ओठांत बाटलीचं बूच बसेल एवढं भोक, आणि तोंडापासून खालपर्यंत पाण्याची वाट. नुसती नळी घातली तर पाणी वरून ओतलं की लगेच खाली येतं, मग तिला बाहुली कोण म्हणेल? पाणी थोडा वेळ पोटात थांबलं पाहिजे. म्हणून आत झडप बसवली.

पाठोपाठ आयडियल कंपनीने ‘बेट्सी वेट्सी’ आणली आणि दोन कंपन्यांत भांडण लागलं. बाहुल्यांच्या इतिहासात ही हकिकत आवर्जून सांगितली जाते: एफनबी कोर्टात गेली आणि हरली, कारण पाणी पिणं आणि शू करणं या निसर्गाच्या गोष्टी आहेत, त्यांचा मक्ता कुणाला देता येणार नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. मला हा निकाल मनापासून आवडतो.

साध्या बाहुल्यांत झडपही नसते, हवेचा दाबच काम करतो. सरबताच्या नळीचं वरचं टोक बोटाने बंद केलं की सरबत नळीतच थांबतं आणि बोट काढलं की खाली पडतं, तसंच इथे होतं. बाटली तोंडात घट्ट बसलेली असेपर्यंत हवा आत शिरत नाही, खालचं भोक बारीक असलं तर पाणी थांबतं. बाटली काढली की धार सुरू. यात मोडण्यासारखं काही नाही. मोहटादेवीच्या नवरात्रातल्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानांपुढे मी पाण्याची बाटली घेऊनच उभी राहते. दुकानदार आधी वैतागतात, मग तेही बघत बसतात.

पुढे प्रकार वाढत गेले. १९७३ मध्ये केनर कंपनीने ‘बेबी अलाइव्ह’ काढली. ती बॅटरीवर जबडा हलवून भुकटी कालवलेला घास खायची आणि तो लंगोटात यायचा. १९९१ मध्ये जर्मनीच्या झाप्फ क्रिएशनने ‘बेबी बॉर्न’ आणली. ती बॅटरीशिवाय पाणी प्यायची, पॉटीवर शू करायची, रडली तर डोळ्यांतून खरं पाणी यायचं. या दोन घराण्यांत माझा कल उघड दुसऱ्या घराण्याकडे आहे. बॅटरीची बाहुली स्वतःच सगळं करून दाखवते, मूल प्रेक्षक होतं. दुसरीला पाजावं लागतं, बसवावं लागतं, पुसावं लागतं. तिच्याकडून काही करून घ्यायचं तर मुलालाच हलावं लागतं.

बाहुली शिष्य, मूल गुरू

खेळण्यातली बाहुली शिकवण्याचं साधन म्हणून नावाजली गेली ती नेथन अझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांमुळे. १९७३ मध्ये त्यांनी ३४ मुलांवरच्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. सरासरी चार तासांत सवय लागल्याचं त्यात म्हटलं होतं. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं, ‘एका दिवसाच्या आत’ असं वचन मथळ्यातच देणारं, आणि ते प्रचंड खपलं. त्यांच्या पद्धतीची सुरुवातच बाहुलीने होते. मूल बाहुलीला पाणी पाजतं, तिची चड्डी खाली करतं, तिला पॉटीवर बसवतं. शू झाली की शाबासकी देतं, पॉटी नेऊन ओततं. थोड्या वेळाने चड्डी कोरडी आहे का ते हात लावून बघतं. सगळा क्रम आधी दुसऱ्याला शिकवून होतो, मग तोच क्रम स्वतःवर.

हे वाचताना मला जामखेडच आठवतं. आरोळे दांपत्याने गावातल्या बायकांना, त्यातल्या अनेक निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या एक गोष्ट शिकायच्या आणि गावात परतून दुसरीला शिकवायच्या. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलं शिकणं पक्कं होतं, हे मोठ्यांइतकंच दोन वर्षांच्या पोरालाही लागू आहे. आमच्या बालवाडीत एक मुलगी स्वतः चड्डीत शू करायची, पण बाहुलीला मात्र दटावून सांगायची, ‘आधी सांगायचं, मग बसायचं.’ दिवाळीच्या सुटीनंतर ती स्वतःही सांगू लागली.

अझ्रिन-फॉक्स यांची सगळी पद्धत मला मान्य नाही. चड्डी ओली झाली की मुलाला पुन्हा पुन्हा पॉटीपर्यंत धाववण्याचा सराव त्यात आहे, तो मला जाचक वाटतो. घाईही नको. टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ११७० मुलांचा अनुभव मांडला. मुलाची तयारी दिसल्यावर, साधारण दीड वर्षांनंतर, हळूहळू सुरुवात करायची ही त्यांची पद्धत होती आणि दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना लागली. मूल दोन-दोन तास कोरडं राहतं, सोपी सूचना ऐकतं, ओलं झालेलं त्याला आवडत नाही, ही तयारीची चिन्हं. ती दिसण्याआधी आणलेली बाहुली नुसतं खेळणंच राहते, आणि राहू द्यावी.

आजीचे पाय

आपल्याकडे बाहुलीशिवायही सवय लागतच होती की! आजी पाटावर बसायची, पाय पुढे घेऊन तळपायांत बेताचं अंतर ठेवायची आणि बाळाला त्या पायांवर बसवून तोंडाने ‘शूऽऽ’ करायची. बाळ सहा महिन्यांचं असलं तरी आवाज आणि क्रिया यांची जोडी त्याच्या अंगात मुरायची. लंगोट ओला झाला की मूल लगेच कुरकुरायचं, कारण ओलं अंगाला लागायचं. ही पद्धत मी फार मोठी मानते.

आता पाथर्डी-शेवगावच्या बाजूला लहानशा किराणा दुकानातही डायपरच्या माळा लटकलेल्या दिसतात. ऊसतोडीला, बाजाराला जाणाऱ्या आईची त्याने सोय होते, मी नावं ठेवणार नाही. पण डायपरमधले पॉलिमरचे कण शू शोषून घेतात आणि मुलाला ओलं कळतच नाही. आपण प्यायलेलं पाणी आपल्यातून बाहेर येतं, हा शोधच त्याला लागत नाही. डायपरने जे लपवलं ते बाहुली उघड करून दाखवते: इथून आत गेलं, इथून बाहेर आलं. सगळ्या खटाटोपाचं मोल मला यातच दिसतं.

उकिडवं बसणारी बाहुली

दुकानातल्या बाहुलीची एक अडचण मात्र कुणी सांगत नाही. ती पॉटीवर खुर्चीसारखी बसते, पाय पुढे ताठ. आपल्या खेड्यातला संडास बैठकीचा. ग्रामीण भांड्याला तीव्र उतार असतो, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं, आणि दोन शोषखड्ड्यांचा हा संडास पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागाला अगदी योग्य आहे. पण दोन वर्षांच्या मुलाला तो अंधारा वाटतो, पाय ठेवायच्या जागा लांब, मधे भोक. मूल बिचकतं ते यालाच.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीताईंनी यावर काढलेला उपाय मी पाहिला आणि तिथून हलूच शकले नाही. त्यांनी मातीची वीतभर लांबीची बैठक करून उन्हात वाळवली होती, पावलांच्या जागांसकट. जुन्या सुती लुगड्याची बाहुली शिवली होती, मांडीत आणि गुडघ्यात नुसती टीप मारून, त्यामुळे पाय दुमडायचे आणि ती झकास उकिडवी बसायची. पाठीतल्या फटीतून आत एक धुतलेली मऊ प्लॅस्टिकची बाटली, तोंड खाली, झाकणाला सुईने पाडलेलं भोक. पोट दाबलं की धार. मुलं पाळी लावून तिला बसवत होती, वाटीने पाणी ओतत होती, आणि शेवटी तिच्याबरोबर स्वतःचेही हात धूत होती. पाणी तोंडातून आत जाताना दिसत नाही, हे खरं. पण बाटली मुलांसमोरच भरली जाते आणि ती बाहुलीच्या ओठांना वाटी लावतात, तेवढं त्यांना पुरतं. घरी शिवायची तर बाटलीभोवती प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळा म्हणजे चिंध्या भिजत नाहीत. झाकण मुलाला उघडता येऊ नये. डोळ्यांना बटणं लावू नका, दोऱ्याने भरा.

विकत घेताना

विकतच आणायची असेल तर एवढं बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. साध्या खेळण्यांना ‘आयएस ९८७३’, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्यांना ‘आयएस १५६४४’ ही मानकं. खोक्यावर चिन्ह शोधा, नसेल तर ठेवून द्या. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे बारीक भाग देऊ नका. साधारण ३२ मिलिमीटर रुंदीच्या तोंडाच्या छोट्या नळकांड्यात मावणारी वस्तू घशात अडकू शकते, हा चाचणीचा निकष आहे. बाहुलीची चोखणी, बाटलीचं बूच, चमचा याच नजरेने बघा. बॅटरी असलीच तर तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा.

मग पाणी. बाहुलीला फक्त स्वच्छ पाणी पाजा, दूध किंवा सरबत नाही. पाण्याच्या खेळण्यांच्या आत बुरशी आणि जंतूंचा थर साचतो, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अंघोळीच्या खेळण्यांवर दाखवून दिलं आहे. खेळ झाला की पोट दाबून सगळं पाणी काढा आणि बाहुली उलटी ठेवून वाळवा. बोअरच्या जड पाण्याने नळीत क्षार धरतात, म्हणून पिण्याचं गोडं पाणी वापरा. घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी तपासा: चड्डी मुलाच्या बोटांना स्वतः काढता येते का, बाहुली आधाराशिवाय बसते का, आणि ती मुलाच्या एका हातात मावते का. या तिन्ही जमल्या तर बाकी रंगरूप गौण आहे.

मुलग्यांसाठीही बाहुली घ्या. ‘पोराच्या हातात बाहुली कशाला’ म्हणणारे आजोबा मला नेहमी भेटतात. मी त्यांना नातवाला बाहुली पुसताना पाहायला बोलावते. त्या मुलाला उद्या स्वतःचं बाळ धुवायचं आहे, ही तालीम त्याला आत्ताच मिळू द्या. मुलग्यालाही आधी बसूनच शिकवावं, उभं राहणं पुढे आपसूक येतं.

घरी खेळताना मोठ्यांनी कमी बोलावं. बाहुलीची चड्डी ओली झाली तर तिला रागावू नये, कारण मूल ते स्वतःवर घेतं. ‘झाली का ओली? चल, बदलू,’ एवढंच पुरे. आणि मूल बाहुलीला विसरून स्वतःच संडासाकडे पळू लागलं, की तिला पुन्हा हातात कोंबू नका.

माझी एक मागणी आहे. जिल्ह्यातले बचत गट पापड-कुरडयांपासून गोधड्यांपर्यंत सगळं करतात, नगरच्या प्रदर्शनात ते हातोहात खपतं. त्यांनी उकिडवी बसणारी कापडाची बाहुली आणि तिची छोटी बैठक शिवायला, घडवायला घ्यावी. हस्तकला विभागाकडे नोंदणी केलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना आयएसआयच्या सक्तीतून सवलत आहे, पण बटणं-मण्यांची काळजी नोंदणी असो-नसो घेतलीच पाहिजे. जिल्हा परिषदेने ही बाहुली प्रत्येक अंगणवाडीच्या खेळण्यांच्या पेटीत द्यावी. संडास बांधून झाले, आता त्यात मूल न घाबरता जाईल अशी तयारी आपण करून द्यायला हवी, आणि ती तयारी जुन्या लुगड्याच्या तुकड्यातूनही होते.