कॅमेरे वाढले, चेहरे दिसेनात

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सीसीटीव्ही होते, आणि त्यांत दहशतवादी हल्लेखोर टिपलेही गेले. तरी त्यांच्यापैकी कसाबचा जो चेहरा देशाच्या डोळ्यांपुढे राहिला, तो छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी काढलेल्या फोटोतला. त्यांनी लेन्स माणसावर रोखली होती, तर छताजवळच्या कॅमेऱ्याला सगळा परिसर एकाच चौकटीत दाखवायचा असतो. यातून शिकण्यासारखं होतं ते हे की कॅमेरा बसवण्याआधी त्यातून नेमकं काय दिसायला हवं हे ठरवावं लागतं. आपण मात्र धडा घेतला तो संख्येचा. 2016 च्या अखेरीपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांचे साडेचार हजारांवर कॅमेरे लागले. मग सोसायट्या, दुकानं, मंदिरं, ग्रामपंचायती यांनीही तीच वाट धरली. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात कॅमेरे बसवायला सांगितलं. या काळात यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण ती बसवण्याचं मूलभूत शिक्षण जिथल्या तिथेच राहिलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे शिक्षण म्हणजे काही गूढ विद्या नाही. त्यात पहिला येतो चौकटीचा हिशेब. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटर रुंदीला सुमारे 250 पिक्सेल हवेत, असं या क्षेत्रातलं 2014 चं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. माणूस आहे एवढंच कळायला 25 पुरतात. 2008 च्या सुमारास अनेक डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगची यंत्रं, 352 पिक्सेल रुंदीचं चित्र साठवत. म्हणजे चेहरा ओळखता येईल अशी चौकट जेमतेम दीड मीटरची, एका दाराएवढी. आजच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 1920 पिक्सेल असतात आणि चौकट साडेसात मीटरपर्यंत जाते. पण त्यावर 2.8 मिलिमीटरची लेन्स लावली की कोन एवढा फाकतो की तीन मीटरपलीकडे ओळख पटवणं अवघड होतं. सहा मिलिमीटरची लेन्स हेच काम आठ मीटरवर करते. सोसायटीच्या फाटकावर मात्र सर्रास 2.8 चीच लेन्स दिसते, कारण मोबाइलवर ‘सगळं दिसतं’ म्हणून ग्राहक खूश होतो. चोरी झाल्यावर त्याच सगळ्यात चोर अंगठ्याएवढा दिसतो, आणि कॅमेरा फार उंचावर असला तर त्याची फक्त टोपी.

दुसरा हिशेब साठवणीचा. सेकंदाला चार मेगाबिट वेगाने अखंड रेकॉर्डिंग करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी खातो. सोळा कॅमेऱ्यांचं महिनाभराचं फुटेज ठेवायला वीस टीबीहून जास्त जागा लागते. दोन टीबीची डिस्क तीन दिवसांतच भरते आणि जुन्यावर नवं चढतं. ‘फुटेज मिळालं नाही’ या बातमीमागे कधी कट असेलही, पण तो शोधण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये पोलीस ठाण्यांतलं चित्रीकरण अठरा महिने, आणि तशी सोय बाजारात मिळत नसेल तर किमान वर्षभर, जपायला सांगितलं. याच वेगाने सोळा कॅमेरे धरले तर अठरा महिन्यांना पावणेचारशे टीबी लागतात. वेग कमी करून, हालचालीपुरतं रेकॉर्डिंग ठेवून हा आकडा खाली आणता येतो, पण त्यासाठी आधी तो मांडावा लागतो.

तिसरी गोष्ट वायरची. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होऊ लागला, तर बहुतेक लोक कॅमेऱ्याला दोष देतात. खरं तर रात्री इन्फ्रारेड दिवे पेटतात, विजेची मागणी वाढते आणि लांबच्या पातळ वायरवर बारा व्होल्टचे दहा होतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल असेल तर हे आणखी लवकर घडतं. नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याचं मानक 2003 पासून आहे. त्याची शंभर मीटरची मर्यादाही तेव्हापासून ठाऊक आहे, आणि तरीही ती रोज मोडली जाते.

यावर एक आक्षेप असा की कॅमेरे आता इतके हुशार झालेत की हा हिशेब जुना झाला. आठ मेगापिक्सेलने चौकट नक्कीच मोठी होते. पण संगणकीय ओळखीलाही चेहऱ्यावर पुरेसे पिक्सेल लागतातच. काचेच्या दारामागून ऊन येत असेल आणि माणूस काळी सावली होत असेल, तर हुशारी कशावर चालवणार? दुसरा आक्षेप धाकाचा: नुसता कॅमेरा दिसला तरी चोर बिचकतो. बिचकत असेल, पण गुन्हा घडल्यावर लोक धाक मागत नाहीत, पुरावा मागतात, आणि पुरावा कोर्टात टिकावा लागतो. जालन्याच्या 2014 च्या निवडणुकीचा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर आला होता. अर्ज किती वाजता दाखल झाला, हा तिथला कळीचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये त्यावर निकाल देताना मूळ यंत्र हजर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. ज्या डीव्हीआरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, त्याचं फुटेज अशा ठिकाणी काय कामाचं?

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र कारागिराचा. गिऱ्हाईक पाच कोटेशनं मागवतं, सर्वांत स्वस्त निवडतं, मग एवढं शिकून उपयोग काय? ही तक्रार खरी आहे आणि तिचा दोष शिडीवर चढणाऱ्या पोराला देता येणार नाही. सीसीटीव्ही तंत्रज्ञाचा कौशल्य अभ्यासक्रम देशात आहे, तरी बरेच जण उस्तादाच्या हाताखालीच शिकतात. त्यात केबल ओढणं आणि जोडणं पक्कं होतं, लेन्सचं गणित राहून जातं. पासवर्ड बदलण्याची साधी सवयही राहून जाते. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कारखान्याचा पासवर्ड कुणी बदलला नव्हता म्हणून. एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची तपासणी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण ती तपासणी कॅमेऱ्याची आहे, तो कुठे, किती उंचीवर आणि कुठल्या लेन्सने लावला याची नाही.

ते काम पैसे देणाऱ्यालाच करावं लागेल. शेवटचा हप्ता देण्याआधी रात्री फाटकावर एक माणूस उभा करा, त्याचा चेहरा रेकॉर्डिंगमधून ओळखता येतो का ते पाहा, आणि ठरलेल्या मुदतीतलं सर्वांत जुनं फुटेज काढून दाखवायला सांगा. दोन्ही जमलं तरच बिल चुकतं करा.